संधिज्वरानंतर हृदयाची राखण : दर एकवीस दिवसांनी येणारी तारीख

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या ठळकपणे छापली जाते. किती झडपा बदलल्या, किती रुग्णांची झडप फुग्याने उघडली, निर्धन रुग्ण निधीतून किती खर्च झाला, हे आकडे विश्वस्तांना व देणगीदारांना पाहता येतात. परंतु ज्या मुलाची झडप बदलण्याची वेळच आली नाही, त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. प्रस्तुत लेख अशाच न दिसणाऱ्या उपचाराविषयी आहे.

संधिज्वर, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात तो आजार, एकदा होऊन गेल्यावर दर एकवीस दिवसांनी द्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन हा तो उपचार होय. औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि कोणत्याही मोठ्या यंत्रसामग्रीविना देता येते. अडचण एवढीच की ते अनेक वर्षे, तारीख न चुकवता घ्यावे लागते. आणि घेणारे मूल वरकरणी पूर्ण बरे झालेले असते. आजारी मुलाला औषध देणे कोणत्याही आईवडिलांना सांगावे लागत नाही. हसत्याखेळत्या मुलाला वर्षातून सतरा वेळा दुखरे इंजेक्शन द्यायला नेणे मात्र कठीण असते. ते का न्यावे, किती वर्षे न्यावे आणि त्यात रुग्णालयाने व समाजाने कोणता वाटा उचलावा, याचा येथे विचार केला आहे.

घशापासून हृदयापर्यंत

या आजाराची सुरुवात साध्या घसादुखीने होते. मुलांची बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. काही वेळा मात्र ती 'अ' गटातील स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे होते. घसा लालभडक होतो, गिळताना दुखते, ताप येतो, गळ्याच्या गाठी सुजतात, पण सर्दी-खोकला फारसा नसतो. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेले पेनिसिलिन गटातील औषध पूर्ण मुदतीपर्यंत घेतले तर पुढचा धोका टळतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी संधिज्वर रोखता येतो.

उपचार न झालेल्या अशा शंभर मुलांपैकी फार तर तिघांना दोन-तीन आठवड्यांनी संधिज्वर होतो. हा बहुधा ५ ते १५ या वयातील, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांचा आजार आहे. ताप येतो आणि गुडघे, घोटे, कोपरे, मनगटे असे मोठे सांधे सुजतात. एका सांध्याची सूज उतरते तोवर दुसरा सांधा धरतो. काही मुलांना, विशेषतः मुलींना, हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात. हातातले भांडे पडते, अक्षर बिघडते, आणि शाळेतून 'मुलगी वेडेवाकडे हातवारे करते' अशी तक्रार येते. हा खोडसाळपणा नसतो. याला कोरिया म्हणतात, आणि तो घसादुखीनंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो.

शरीराच्या प्रतिकारशक्तीची येथे गल्लत होते. या जंतूच्या आवरणातील काही प्रथिने आपल्या हृदयातील प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जंतूंशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडे व पेशी मग स्वतःच्याच हृदयावर, विशेषतः झडपांवर, हल्ला करतात. सांध्यांची सूज काही दिवसांत उतरते व मागे काही ठेवत नाही. झडपेची सूज उतरताना तेथे व्रण उरतो. त्यामुळे गुडघे बरे झाले म्हणजे आजार संपला, हा समज या आजारात सर्वांत अधिक घातक ठरतो.

निदानासाठी एकच एक चाचणी नाही. अमेरिकेतील डॉ. टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये लक्षणांचे निकष मांडले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ मध्ये त्यांची सुधारणा करताना टू-डी एको तपासणीला निदानात स्थान दिले, आणि भारतासारख्या आजाराचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशांसाठी निकष वेगळे केले. येथे पालकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. केवळ रक्तातील 'एएसओ' वाढलेला आहे म्हणून मुलाला संधिज्वर झाला, असे होत नाही. ती चाचणी एवढेच सांगते की अलीकडे या जंतूचा संसर्ग होऊन गेला. त्याचप्रमाणे मोठ्या माणसांच्या हातांची बोटे सुजवणारा संधिवात हा सर्वस्वी निराळा रोग आहे. म्हणून इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी निदान पक्के करून घ्यावे, आणि निदान पक्के झाल्यावर इंजेक्शन सोडू नये.

पहिला झटका आणि पुढचे झटके

संधिज्वराचा पहिला झटका अनेकदा झडपेला थोडी इजा करून जातो. ती इजा पुष्कळ मुलांमध्ये भरून येऊ शकते. पण एकदा हा आजार झालेल्या मुलाचे शरीर त्या जंतूची ओळख विसरत नाही. अशा मुलाला त्याच जंतूची घसादुखी पुन्हा झाली तर संधिज्वर परत उलटण्याची शक्यता शंभरात पन्नासपर्यंत असते. पहिल्या वेळच्या शंभरात तीन या प्रमाणाशी हा आकडा ताडून पाहावा. शिवाय घसा जाणवण्याइतका दुखलाच पाहिजे असेही नाही. लक्षात न आलेला संसर्गही झटका आणू शकतो. त्यामुळे 'घसा दुखला की औषध देऊ' हे धोरण या मुलांसाठी पुरेसे ठरत नाही. जंतूला घशात थाराच मिळू नये, इतके पेनिसिलिन रक्तात सतत असावे लागते.

प्रत्येक नव्या झटक्यात झडप आणखी जाड होते, तिचे पडदे एकमेकांना चिकटतात किंवा आखडतात. डाव्या कप्प्यांमधील द्विदली झडप, म्हणजे मायट्रल झडप, सर्वाधिक वेळा बिघडते. त्याखालोखाल महाधमनीच्या झडपेचा क्रम लागतो. झडप अरुंद झाली की रक्त पुढे सरकत नाही व फुफ्फुसांत तुंबते. झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त मागे गळते. पाश्चात्त्य देशांत झडप इतकी अरुंद व्हायला बहुधा काही दशके लागत. भारतात हे विशीच्या आतच घडते, हे डॉ. सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात नोंदवले. आपल्याकडे ऐन उमेदीच्या वयात दम लागून मुले-मुली रुग्णालयात येतात, त्यामागे वारंवार आलेले व न रोखलेले झटके हे मोठे कारण असते.

अनेक रुग्णांना लहानपणीचा ताप आठवतही नाही. हरियाणातील बल्लभगढ येथे ६,२७० शाळकरी मुलांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेथोस्कोपने तपासता हजारी एकाहूनही कमी मुलांत झडपेचा आजार सापडला. टू-डी एको केल्यावर हेच प्रमाण हजारी सुमारे २० निघाले. म्हणजे ज्यांच्या झडपेत बदल झाले आहेत पण कोणालाच त्याचा पत्ता नाही, अशी मुले आपल्या शाळांमधून वावरत असतात.

एकवीस दिवसच का?

बेंझाथिन पेनिसिलिन हे औषध स्नायूत खोलवर दिले की तेथून ते हळूहळू रक्तात उतरत राहते. १९५० च्या दशकाच्या आरंभी हे दीर्घकाळ टिकणारे पेनिसिलिन आले आणि संधिज्वराच्या प्रतिबंधाचे चित्र पालटले. न्यूयॉर्कजवळील आयर्व्हिंग्टन हाउस या संस्थेत संधिज्वर होऊन गेलेल्या मुलांच्या तीन गटांची अनेक वर्षे तुलना करण्यात आली. एका गटाला दरमहा इंजेक्शन, दुसऱ्याला रोज पेनिसिलिनच्या गोळ्या आणि तिसऱ्याला रोज सल्फाच्या गोळ्या दिल्या गेल्या. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : शंभर मुलांमागे वर्षाला आजार उलटण्याचे प्रमाण पेनिसिलिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ५.५, सल्फा घेणाऱ्यांत २.८ आणि इंजेक्शन घेणाऱ्यांत केवळ ०.४ होते. रोजची गोळी विसरली जाते. इंजेक्शन एकदा दिले की काही आठवडे आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही.

इंजेक्शनानंतर रक्तातील औषधाची पातळी दिवसेंदिवस उतरत जाते. चौथ्या आठवड्यात ती अनेक रुग्णांत संरक्षक पातळीखाली जाते. म्हणून आजाराचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशांत चारऐवजी तीन आठवड्यांचे अंतर राखतात. साधारणतः २७ किलोपेक्षा अधिक वजनाच्या मुलांना व मोठ्यांना १२ लाख युनिटची मात्रा दर एकवीस दिवसांनी देतात. त्याहून लहान मुलांना ६ लाख युनिट देतात, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांच्यासाठी अंतर पंधरा दिवसांचे असते. नेमकी मात्रा व अंतर आपले डॉक्टर ठरवतील.

येथे एक साधा हिशेब करून पाहावा. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घेतले तर वर्षात सतरा होतात. समजा, प्रत्येक वेळी 'पुढच्या आठवड्यात जाऊ' असे म्हणून सात दिवस उशीर झाला. एकही इंजेक्शन बुडाले नाही असे पालकांना वाटेल. प्रत्यक्षात वर्षातले ९१ दिवस, म्हणजे तीन महिने, मूल पुरेशा संरक्षणाविना राहिले. जंतूला एवढी फट पुरते.

या उपचाराच्या बाजूने अलीकडचा पुरावाही भक्कम आहे. युगांडामध्ये टू-डी एकोवर झडपेतील सुरुवातीचे बदल दिसलेल्या, पण कोणताही त्रास नसलेल्या ५ ते १७ वयाच्या ८१८ मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिले, निम्म्यांना दिले नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्या गटात ३३ मुलांच्या झडपा आणखी बिघडलेल्या आढळल्या. इंजेक्शन घेतलेल्या गटात अशी मुले केवळ ३ होती. हे निष्कर्ष २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. आणखी एक दिलासा देणारी बाब अशी की, सुमारे ऐंशी वर्षे पेनिसिलिन वापरात असूनही या औषधाला दाद न देणारा 'अ' गटातील स्ट्रेप्टोकॉकस रुग्णांमध्ये निर्विवादपणे आढळलेला नाही. आपल्या हाती असलेले शस्त्र अजून धारदार आहे.

किती वर्षे घ्यावे?

हृदयाला किती इजा झाली आहे, यावर हा कालावधी ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २००४ मध्ये दिलेली आणि भारतातही मोठ्या प्रमाणावर पाळली जाणारी मर्यादा अशी आहे :

• हृदयाला इजा झालेली नसेल तर शेवटच्या झटक्यापासून ५ वर्षे किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत.

• हृदयाला सौम्य इजा झाली असेल किंवा झालेली इजा भरून आली असेल तर १० वर्षे किंवा किमान वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत.

• झडप गंभीररीत्या बिघडली असेल किंवा झडपेची शस्त्रक्रिया झाली असेल तर जन्मभर.

काही देशांच्या सूचनांत वयाच्या मर्यादा थोड्या निराळ्या, २१ व ४० वर्षे अशा आहेत. तत्त्व सर्वत्र एकच आहे. दहाव्या वर्षी सौम्य इजा झालेल्या मुलीला पंचविशीपर्यंत सुमारे २६० इंजेक्शने घ्यावी लागतील. आकडा ऐकून छाती दडपते, हे खरे आहे. म्हणूनच तो पहिल्याच दिवशी पालकांना स्पष्टपणे सांगितला पाहिजे. शेवटचे इंजेक्शन कोणते, हे मात्र डॉक्टरांनी टू-डी एको पाहून ठरवावयाचे असते, घरच्यांनी मुलाची तब्येत पाहून नव्हे.

पालकांच्या मनातील काही शंका

इंजेक्शन फार दुखते; त्यावर काही उपाय आहे का? आहे. हे औषध दाट असते. फ्रिजमधून काढलेले औषध खोलीच्या तापमानावर आणून, सावकाश टोचल्यास वेदना कमी होतात. टोचण्यापूर्वी त्या जागी दहा सेकंद अंगठ्याने घट्ट दाबून धरणे उपयोगी पडते. डॉक्टरांच्या सल्ल्याने बधिर करणारे लिग्नोकेन औषधात मिसळूनही देता येते. दर वेळी बाजू बदलावी. मुलाला फसवून नेऊ नये. आज कोणत्या कुशीवर टोचायचे, हे त्याला ठरवू दिले तरी त्याची भीती निम्मी होते.

रिअॅक्शन येईल का? ही भीती पालकांनाच नव्हे, तर अनेक दवाखान्यांनाही असते, आणि त्यापायी इंजेक्शन देण्यास नकारही मिळतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांची नोंद तपासली गेली. तीव्र स्वरूपाची रिअॅक्शन ४ वेळा आली व त्यांत एक मृत्यू झाला. धोका अत्यल्प आहे, पण शून्य नाही. म्हणून पूर्वी पेनिसिलिनने पुरळ, सूज अथवा धाप लागली असल्यास ते आधी सांगावे. इंजेक्शन अॅड्रेनलिन व प्रशिक्षित परिचारिका उपलब्ध असलेल्या ठिकाणीच घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच थांबावे. उपाशीपोटी जाऊ नये. इंजेक्शन आडवे पडून घ्यावे.

झडप गंभीररीत्या बिघडलेल्या रुग्णांबाबत एक महत्त्वाची सूचना आहे. अशा रुग्णांत इंजेक्शनानंतर कोसळण्याचे काही प्रसंग ऍलर्जीमुळे नसून वेदना व भीतीने रक्तदाब एकाएकी उतरल्यामुळे घडतात, असे अलीकडे ध्यानात आले आहे. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दम लागणाऱ्या व झडप फार बिघडलेल्या रुग्णांसाठी गोळ्यांचा पर्याय विचारात घेण्याचा सल्ला दिला. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यावा. पेनिसिलिनची खरोखर ऍलर्जी असणाऱ्यांसाठीही अन्य औषधे आहेत. इंजेक्शन थांबवणे आणि प्रतिबंध थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलीच्या लग्नाचे काय? काही घरांत लग्न ठरताना हा आजार लपवला जातो आणि सासरी गेल्यावर इंजेक्शन बंद पडते. त्याची किंमत पहिल्या बाळंतपणात मोजावी लागते. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढते. अरुंद झडपेला हा भार पेलत नाही आणि तोवर कसलाही त्रास नसलेल्या स्त्रीला अचानक धाप लागते. पेनिसिलिन गरोदरपणात व अंगावर पाजतानाही सुरक्षित आहे. लग्नापूर्वी व दिवस राहण्यापूर्वी टू-डी एको करून घ्यावा, आणि सासरच्या एका तरी जबाबदार व्यक्तीला सर्व कल्पना द्यावी. झडपेला सौम्य इजा असलेल्या बहुतेक स्त्रिया योग्य देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात.

झडप बिघडल्यावरची वाटचाल

प्रतिबंध न झाल्यास पुढे काय होते, हे देणगीदारांनी जाणून घेतले पाहिजे. अरुंद झडप योग्य अवस्थेत असेल तर मांडीच्या शिरेतून नेलेल्या फुग्याने ती उघडता येते. जपानचे डॉ. कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीमुळे हजारो रुग्णांची छाती उघडावी लागली नाही. झडप फारच खराब असेल तर ती दुरुस्त करावी किंवा बदलावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने स्वदेशी कृत्रिम झडप तयार केली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली आणि हा उपचार अनेकांच्या आवाक्यात आला. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि धर्मादाय रुग्णालयांचा निर्धन रुग्ण निधी यांचाही मोठा आधार आहे.

तरीही धातूची झडप बसवलेल्या व्यक्तीला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी 'पीटी-आयएनआर' ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. मात्रा कमी पडली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. स्त्रीच्या गरोदरपणात ही गोळी हाच एक पेच ठरतो. ठोके अनियमित झालेल्या रुग्णांत गुठळी मेंदूकडे जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या या रुग्णांना चालतील का, हे पाहण्यासाठी झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, २०२२ साली, जुनी गोळीच अधिक हितकारक ठरली. म्हणून सोयीसाठी गोळी परस्पर बदलू नये.

दातांची निगा हाही हृदयाच्या निगेचाच भाग आहे. किडलेल्या दातांवाटे रक्तात शिरलेले जंतू खराब झडपेवर ठाण मांडतात. दर एकवीस दिवसांचे पेनिसिलिन या धोक्यापासून संरक्षण देत नाही. कृत्रिम झडप असलेल्या व्यक्तीने दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगून वेगळे प्रतिजैविक घ्यावे.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे इंजेक्शन संपले, असा समज अनेक कुटुंबांत असतो. बदलली जाते ती एक झडप. उरलेल्या झडपा त्याच हृदयात असतात. इंजेक्शन चालूच ठेवावे लागते.

तारीख का चुकते?

तारीख निष्काळजीपणामुळे चुकते, असे म्हणणे सोपे आहे. वास्तव बहुधा निराळे असते. हा गर्दीच्या घरांचा आजार आहे. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात तेथे घशातला जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन येण्यापूर्वीच राहणीमान सुधारल्यामुळे हा आजार ओसरू लागला होता. ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि न्यूझीलंडमधील माओरी समाजात तो आजही टिकून आहे. आजार ज्या घरांत शिरतो, त्याच घरांना दर एकवीस दिवसांनी रोजगार बुडवून, भाडे खर्चून रुग्णालयात येणे सर्वांत जड जाते.

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वीटभट्टीवरच्या कुटुंबांचेही असेच असते. मुलाचे नाव एका रुग्णालयात, मूल दुसऱ्या जिल्ह्यात, आणि कार्ड गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत, अशी स्थिती होते. पाच-सहा महिन्यांत सात-आठ इंजेक्शने बुडतात. कधी औषधच मिळत नाही. बेंझाथिन पेनिसिलिनच्या जगभरच्या तुटवड्याची दखल जागतिक आरोग्य सभेला २०१६ मध्ये घ्यावी लागली. स्वस्त औषधात नफा अल्प असल्याने उत्पादक मोजके राहतात, हे त्यामागील एक कारण होय.

उपाय महागडा नाही. क्युबातील पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत रुग्णांची नोंदवही, आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण, लोकशिक्षण आणि नियमित इंजेक्शने या चार गोष्टींच्या बळावर संधिज्वराचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आणण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २००० ते २०१० या काळात 'जय विज्ञान' प्रकल्पातून अशा नोंदवह्यांचा पाया घातला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथे झाला, आणि त्या कार्यक्रमात तपासावयाच्या आजारांच्या यादीत झडपांच्या या आजाराचा समावेश आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या आजाराविषयी ठराव केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आजही जगात साडेपाच कोटी लोक या आजाराने ग्रस्त आहेत आणि दरवर्षी सुमारे ३ लाख ६० हजार मृत्यू होतात. लस अद्याप उपलब्ध नाही. अधिक काळ टिकणाऱ्या पेनिसिलिनवर संशोधन सुरू आहे. ते हाती येईपर्यंत एकवीस दिवसांची तारीख पाळणे हाच मार्ग आहे.

आपणांस काय करता येईल?

रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती आहे की, इंजेक्शनाचे कार्ड जपून ठेवावे व त्याचा फोटो घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्यावा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढची तारीख इंजेक्शन घेतल्या दिवशीच खूण करून ठेवावी. दोन-तीन दिवस आधी घेतले तरी चालते, उशिरा चालत नाही. गावाला अथवा कामासाठी बाहेर जाण्यापूर्वी रुग्णालयातून चिठ्ठी घ्यावी, म्हणजे तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन मागता येईल. तारीख चुकलीच तर संकोचाने घरी न बसता लगेच यावे. आल्याबद्दल कोणी रागावणार नाही. घरातील इतर मुलांचा घसा दुखल्यास त्यांनाही दाखवावे.

विश्वस्तांसाठी मुद्दा नियोजनाचा आहे. अहवालातील शस्त्रक्रियांच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना असावा : संधिज्वराच्या नोंदवहीत किती रुग्ण आहेत आणि त्यांपैकी किती जणांनी वर्षातील दर पाच इंजेक्शनांपैकी किमान चार वेळेवर घेतली. हा आकडा दरवर्षी तपासला गेला तर रुग्णालयाची खरी कामगिरी कळेल. औषधाचा तीन महिन्यांचा साठा सदैव शिल्लक असावा आणि इंजेक्शनासाठी आलेल्या मुलाला बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत अर्धा दिवस थांबावे लागू नये, एवढी व्यवस्था तरी हवी.

देणगीदारांना सांगावयाचे ते असे. एखाद्या मुलाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी आपण दिलेली देणगी अमूल्य असते आणि तिची गरज पुढेही राहील. परंतु तारीख उलटलेल्या घरी फोन करणारी परिचारिका, दुरून येणाऱ्या आईचे एसटीचे भाडे, शाळांमधील टू-डी एको शिबिर, स्थलांतरित कुटुंबासाठी छापलेले दुहेरी कार्ड, यांसाठी दिलेली रक्कमही तितकीच मोलाची आहे. तिच्यातून कोनशिला उभी राहत नाही किंवा समारंभही होत नाही. तिच्यामुळे एखादी मुलगी दहावीची परीक्षा देते, पुढे नोकरी करते, संसार करते, आणि तिला आपल्या शस्त्रक्रिया विभागाचा दरवाजा कधी पाहावा लागत नाही. पुढील वर्षीच्या अहवालात तिचे नाव नसेल. नोंदवहीत मात्र तिच्या नावापुढे सतरा वेळा बरोबरची खूण झालेली असावी, यासाठी आपण सर्वांनी मिळून झटावे, ही नम्र विनंती.